कोण विचारतंय?

"…आणि लोक विचारतात, अक्का, की एका शिष्येच्या पदरात सगळं आणि दुसरीच्या हातात भोपळा, असं का?"

"कोण लोक?"

"लोक म्हणजे… ऑफिसातले. सगळेच."

अक्का मोड आलेले वाल सोलत होत्या. मठाच्या देवडीत, उंबऱ्याच्या आत, मांडीशी सूप घेऊन. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा. डाळिंबी सुपात, साल बाजूला.

ऋता उंबऱ्याबाहेर उभी होती. खांद्यावर पर्स, कपाळावर घाम, आणि प्रश्न नीट विचारला गेला की नाही याची शंका. एसटीत बसल्यापासून तिनं तो घोकला होता. घोकताना बरा वाटत होता.

"परत ये," अक्का म्हणाल्या.

"अहो, मी आत्ताच तर आले!"

चिमटी. डाळिंबी. साल.

"परत म्हणजे कधी? संध्याकाळी? उद्या मला जमणार नाही, अक्का. उद्या शुक्रवार."

अक्कांनी पुढचा वाल उचलला.

ऋता पायऱ्या उतरू लागली. एक्केचाळीस पायऱ्या. चढताना तिनं मोजल्या होत्या, कारण आकडे मोजत राहिलं की रडू येत नाही, हे ती बाळंतपणात शिकली होती.

अक्का म्हणजे यमुनाक्का केळुसकर. गावातल्या शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात सव्वीस वर्षं त्यांनी नेमसर्व्हर सांभाळले. मग निवृत्त झाल्या आणि टेकडीवरच्या या मठात येऊन देवडीवर बसल्या. नोकरी बदलली असं त्या मानतच नसत. "लोक नाव विचारतात, मी जागा सांगते," म्हणायच्या.

नेमसर्व्हर तरी दुसरं काय करतो? कुणी नाव घेऊन विचारतं, अमकं कुठं राहतं? तो आकड्यांतला पत्ता सांगतो. माणसांना नावं पाठ असतात, यंत्रांना पत्ते लागतात. मधला हा सांगणारा गप्प झाला, तर घर जागच्या जागी असूनही कुणाला सापडत नाही.

हे काम अक्कांनी दोघींना शिकवलं. ऋताला आणि हेमांगीला. एकाच टेबलाशी, एकाच डब्यातली पोळी खात. आता संस्थेचं जुनं केंद्र ऋताकडे होतं आणि नदीपलीकडचं नवं हेमांगीकडे.

सोमवारी ऋताच्या केंद्रावर प्रश्नांचा पूर आला.

प्रत्येक प्रश्नावर विचारणाऱ्याचा पत्ता होता गावातल्या रक्तपेढीचा. प्रश्न ओळभर, उत्तर पानभर. ऋताचं यंत्र गुणी. ज्यानं विचारलं त्याला सांगायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं हजारो प्रश्नांना हजारो पानं पाठवली. ती सगळी जाऊन पडली रक्तपेढीच्या दारात. रक्तपेढीनं विचारलंच नव्हतं. विचारणारा भलताच कुणीतरी, भलतीकडे बसून, रक्तपेढीचं नाव लावत होता.

रक्तपेढीची लाइन गुदमरली.

ऋताला ते कळलं. तिनं रक्तपेढीला उत्तर देणंच बंद केलं. एक अक्षरसुद्धा नाही. पूर ओसरला… आणि मग रक्तपेढीनं खरोखरच विचारलं, रुग्णालयाचं यंत्र कुठं आहे? ऋताचं यंत्र गप्प. चार तास एक माणूस स्कूटरवरून चिठ्ठ्या घेऊन रुग्णालय ते रक्तपेढी अशा खेपा घालत राहिला.

'सुदैवाने कुणाला इजा झाली नाही,' असं अहवालात आलं. त्यातलं 'सुदैवाने' ऋताच्या घशात तीन दिवस अडकून बसलं होतं.

आणि हेमांगी?

त्याच वेळी, तोच पूर तिच्याही केंद्रावर आला होता. तिथं काहीच झालं नाही. काहीच म्हणजे काहीच नाही. तिनं डबासुद्धा वेळेवर खाल्ला, म्हणे.

सांगवडेकर साहेबांनी ऋताला बोलावलं. "शुक्रवारपर्यंत बंदोबस्त करा. नाहीतर शनिवारपासून दोन्ही केंद्रांचा ताबा हेमांगीबाईंकडे. शनिवारी परीक्षांचे निकाल आहेत, मला धोका नको."

"सर, मी—"

"तुम्हाला घरी लहान मूल आहे, मी समजू शकतो," साहेब म्हणाले. ते काहीच समजत नव्हते, पण ऋतालाही वाटून गेलं की असेल बाई, तेच कारण असेल.

आज गुरुवार.

शेवटच्या पायरीवर मोबाइलला एक रेघ मिळायची. तिनं सासूबाईंना फोन लावला.

"ओवीनं भात खाल्ला?"

"खाल्ला. वर माझ्या चष्म्यालाही भरवला. तू जेवलीस का?"

"हो," ऋता म्हणाली. जेवली नव्हती.

ती पायरीवर टेकली. काय झालं असणार, ते तिला माहीत होतं. ती घरी ओवीला मांडीवर घेऊन बसली होती, त्या आठ महिन्यांत हेमांगी दर रविवारी इथं येत असणार. ऋताच्या अंगाला दुधाचा वास आणि हेमांगीच्या वहीत अक्कांची विद्या. एकदा, ओवी सव्वा महिन्याची असताना, ऋतानं अक्कांना फोन केला होता. "साहेब विचारतायत, असा हल्ला झाला तर काय करायचं?" अक्का म्हणाल्या, "परत ये." आणि फोन ठेवला.

परत ये! सव्वा महिन्याचं पोर घेऊन एक्केचाळीस पायऱ्या?

तो राग तिनं मनात ठेवला. ओवीबरोबर तोही वाढला. त्याला दात मात्र ओवीच्या आधी आले.

कामावर परतली त्या दिवशी हेमांगी दारातच भेटली होती. "तुझं काय बाई, तू अक्कांची लाडकी!" असं म्हणाली होती. हसून. ते हसू ऋतानं अजून धुतलेलं नव्हतं.

पर्समध्ये एक पत्र होतं, संस्थेच्या सचिवांना. 'नव्या केंद्राच्या प्रमुखांनी सुरक्षेची माहिती सहकाऱ्यांपासून जाणूनबुजून दडवली असून…' खाली सही: 'एक हितचिंतक'. ऋतानं ते तीनदा तपासलं होतं. पत्र निनावी असलं तरी ऱ्हस्वदीर्घ आपलेच असतात. मठातून रिकाम्या हातानं परतायची वेळ आली, तर स्टँडसमोरच्या पेटीत ते टाकायचं, असं ठरवून ती निघाली होती.

ती उठली. पुन्हा चढली.

"अक्का, सांगवडेकर साहेबांनी विचारायला सांगितलंय की नव्या केंद्राला जे शिकवलंत ते जुन्याला—"

"परत ये."

आवाजात राग नव्हता. माया पण नव्हती. देवडीच्या दगडाचा आवाज असता तर असाच असता.

"हेमांगीलाही असंच उन्हात उभं करायचात का हो?" ऋताच्या तोंडून निघून गेलं.

अक्कांनी मान वर केली. पहिल्यांदाच. क्षणभर वाटलं, बोलतील…

चिमटी. डाळिंबी. साल.

ऋता खाली आली तेव्हा शेवटच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. टोपी गुडघ्यावर, गळ्यात कापड मोजायची टेप.

"दोनदा झालं का?" त्यानं विचारलं.

"काय दोनदा?"

"परत ये." म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसला. "मी धाकू शिंपी. बसा, बाय. आता कौतुक बघा."

रस्त्यावरून एका माणसानं हाक दिली, "अक्काऽ, रामानंदबुवा?" वरून अक्कांचा हात दिसला. तीन बोटं. तिसरी ओवरी. माणूस बाजूच्या वाटेनं वर गेला.

मग एक मोटरसायकल थांबली. स्वारानं गाडी बंद करायचीही तसदी घेतली नाही. "अक्काऽ, शेलारांकडं जेवणाची चाळीस पानं पाठवा! शेलारांनी सांगितलंय!"

"परत ये!" वरून आवाज आला.

मोटरसायकलवाल्यानं वर पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि गाडी फिरवून निघून गेला.

मग एक बाई आली. "अक्का, घरात आजारी माणूस हाय. दोन पानं मिळतील?"

"परत ये!"

बाईनं पदर खोचला आणि चढायला लागली. थोड्या वेळानं डबा घेऊन खाली आली. तोंडावर घाम आणि समाधान.

"दोघांना एकच उत्तर," ऋता म्हणाली.

"एकच. परत ये, म्हणजे दारानं ये. तोंड दाखव, आपलं नाव सांग." धाकूनं टेप बोटाला गुंडाळली. "आधी असं नव्हतं. इथली रीत अशी, की घरात दुखणं असलं, सुतक असलं, तर खालूनच ओरडायचं. अमक्याकडं इतकी पानं. मुदपाकखान्यातून जेवण घरपोच. कोण विचारतंय, ते कुणी बघत नव्हतं. देवाचं अन्न, विचारायचं कशाला?"

"मग?"

"मग एक दिवस माझ्या नावानं कुणीतरी ओरडलं. धाकू शिंप्याकडं साठ पानं! मी दुकानात ब्लाउजला अस्तर लावतोय आणि ही माणसं पातेली घेऊन दारात. मशीनवर आमटी, कापडावर भात, आळी तुंबली. गिऱ्हाईक आत येईना, मला बाहेर जाता येईना. दुसऱ्या दिवशी परत साठ. तिसऱ्या दिवशी परत."

ऋता त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"मी येऊन हात जोडले. तेव्हाचे कारभारी म्हणाले, बरं, आजपासून धाकूच्या नावानं काही म्हणजे काही द्यायचं नाही." धाकू थांबला. "दोन महिन्यांनी माझी आई गेली… मी इथं, याच पायरीवर उभं राहून ओरडलो. कुणी वळून बघितलं नाही."

…

"चूक त्यांची पण नव्हती," तो म्हणाला. "मग या अक्का आल्या देवडीवर. सगळ्यांनाच द्यायचं नाही आणि कुणाला तोडायचंही नाही. दोन शब्द सांगायचे. ज्याला भूक असते तो चढतो."

"आणि ज्याला चढवत नाही?"

"त्याच्यासाठी अक्का उतरतात. पण नाव त्याचं त्यानं सांगायचं."

"कोण ओरडत होतं तुमच्या नावानं? कळलं का कधी?"

"कळलं की. माझा चुलतभाऊ. त्याचंही शिलाईचंच दुकान. त्याच्याकडं गिऱ्हाईक नव्हतं आणि माझ्याकडं होतं." धाकूनं टोपी डोक्यावर ठेवली. "हेवा, बाय. दुसरं काय असतंय?"

ऋतानं पर्स घट्ट धरली.

मग ती तिसऱ्यांदा चढू लागली. एक, दोन, तीन… नवव्या पायरीवर तिला ते दिसलं. वाटेत पडलेला वाल दिसावा तसं.

दोन शब्द.

रक्तपेढीच्या नावानं प्रश्न आला, की पानभर उत्तर पाठवायचं नाही. गप्पही बसायचं नाही. दोन शब्द पाठवायचे: परत ये, दारानं ये. विचारणारा खोटा असला तर ते दोन शब्द बिचाऱ्या रक्तपेढीकडे जातील. जाऊ देत, दोन शब्दांनी कुणी गुदमरत नाही. आणि रक्तपेढीच खरोखर विचारत असली, तर तिला ते ऐकू येतील आणि ती पुढच्या दारानं येईल, स्वतःची ओळख पटवून. तिला मग पोटभर सांगावं.

ही सोय तिच्या यंत्रात होती. पहिल्या दिवसापासून होती. एक ओळ लिहायची राहिली होती.

हेमांगीनं ती लिहिली होती.

बंदोबस्त मिळाला होता. आता उतरायला हरकत नव्हती. साडेचारची एसटी मिळाली असती, उद्या सकाळी काम झालं असतं, ताबा तिचा तिच्याकडे राहिला असता. ज्यासाठी आली होती ते पदरात पडलं होतं.

ती चढतच राहिली. दहा. अकरा.

विसाव्या पायरीवर पाय उचलेना. दम लागला होता म्हणावं, तर आधी दोनदा चढताना लागला नव्हता. ती तिथंच बसली, पर्स मांडीवर घेऊन, ओवीला घ्यावी तशी.

वर सूप सरकल्याचा आवाज झाला.

पावलं वाजली. अक्का उतरत होत्या, कमरेवर सूप, दुसऱ्या हाताची मूठ सालांनी भरलेली. गुडघे कुरकुरत होते. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या आल्या आणि ऋताच्या शेजारी बसल्या.

"कोण विचारतंय?"

"मी."

अक्कांनी सूप मांडीवर ठेवलं.

"मी. ओवीची आई… नाही. नुसती ऋता." ऋतानं पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. "ऑफिसातलं कुणी काही विचारत नाही, अक्का. साहेबांना तर तुमचं नावही आठवत नाही. मीच विचारतेय. मला हेमांगीचा हेवा वाटतो. सोमवारी माझ्यामुळं चार तास रक्त अडलं, आणि मला आधी वाईट कशाचं वाटलं असेल? तिचं काही अडलं नाही, याचं."

…

"शिव्या द्या ना," ऋता म्हणाली.

"सालं कशात टाकू?" अक्का म्हणाल्या. "मूठ भरली."

ऋतानं पर्स उघडली. आत रुमाल होता, ओवीचं लाळेरं होतं, एक पत्र होतं. तिनं रुमालाला हात लावला. मग लाळेऱ्याला. मग पत्र काढलं, घडी उलगडली, आणि त्याचा पुडा करून अक्कांसमोर धरला.

अक्कांनी मूठ मोकळी केली. ओल्या सालांनी कागद भिजत गेला. 'हितचिंतक' शेवटी विरघळला, त्याचे ऱ्हस्वदीर्घ सगळे.

अक्कांनी वाचलं की नाही, कळलं नाही. त्यांनी सूप दोघींच्या मध्ये ठेवलं. ऋतानंही एक वाल उचलला. दाबला तसा तो निसटून तीन पायऱ्या खाली गेला.

"एवढी वर्षं झाली, वाल सोलता येत नाही," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही शिकवलंच नाहीत."

अक्का हसल्या. आज पहिल्यांदा.

थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. खाली धाकू शिंपी पायरीवर पेंगत होता.

"अक्का."

"हं."

"हेमांगीला काय सांगितलंत? त्या आठ महिन्यांत?"

"परत ये."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि?"

"आणि ती सात वेळा आली."

"सात?" ऋतानं हातातला वाल खाली ठेवला. "हेमांगी सात वेळा? मी तर आज तिसऱ्यांदाच…" तिच्या आवाजात आनंद डोकावला आणि तो तिचा तिलाच ऐकू आला, म्हणून ती ओशाळली. "म्हणजे तीही सहा वेळा दुसऱ्या कुणाच्या नावानं विचारत होती?"

"हं. मला जी जास्त लाडकी, असं तिला वाटायचं, तिच्या."

"कुणाच्या?"

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सूप कमरेवर घेतलं. एक पायरी चढल्या, दुसरीवर थांबल्या, वळल्या.

"तुझ्या."